हवाई दलाच्या मालवाहू विमानांचे अपघात अहवाल लोकांसमोर यायला हवेत

२२ जुलै २०१६ ला सकाळी चेन्नईजवळच्या तांबरमहून हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमान पोर्ट ब्लेअरला निघालं, आत २९ माणसं होती, आणि बंगालच्या उपसागरावर ते रडारवरून गायब झालं. जहाजं, विमानं, पाणबुडी सगळं लावून शोधलं, काही मिळालं नाही, सप्टेंबरमध्ये सगळ्यांना मृत मानल्याचं घरच्यांना कळवलं गेलं. मग जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास साडेसात वर्षांनी, बातमी आली की राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या पाण्याखाली चालणाऱ्या स्वयंचलित यानाने चेन्नईच्या किनाऱ्यापासून ३१० किलोमीटरवर, ३४०० मीटर खोलीत त्या विमानाचे अवशेष टिपलेत. म्हणजे विमान कुठे पडलं ते कळलं. का पडलं याचा सविस्तर अहवाल मात्र आजही तुम्हाला-मला वाचायला मिळत नाही.

आता दुसरी केस बघा. १२ जून २०२५ ला एअर इंडियाचं ड्रीमलायनर अहमदाबादला पडलं, विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ लोक गेले, आणि बरोबर महिन्याभरात प्राथमिक अहवाल नेटवर होता. इंजिनचं इंधन चालू-बंद करणारे फ्युएल स्विच कोणत्या सेकंदाला कटऑफला, म्हणजे बंदवर, गेले हे त्यात होतं, त्यावर देशभर भांडणं झाली, पायलटांच्या संघटनांनी हरकती घेतल्या, निवृत्त कॅप्टन टीव्हीवर एकमेकांना खोडत बसले. अर्धवट माहितीवर तर्क लढवू नका असं लोक म्हणत होते आणि ते बरोबरच होतं, पण मला त्या सगळ्या गदारोळात एक चांगली गोष्टही दिसली, की निदान भांडायला काहीतरी कागद समोर होता.

हा फरक आला कुठून? १९४४ च्या शिकागो कराराच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय की हा करार फक्त नागरी विमानांना लागू, लष्कराची, कस्टमची आणि पोलिसांची विमानं त्यातून बाहेर. पुढे अपघात चौकशीचे जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, ३० दिवसांत प्राथमिक अहवाल द्या, उद्देश शिक्षा देणं नसून पुन्हा तसं होऊ नये हा ठेवा, ते सगळे या करारावर उभे आहेत म्हणून ते नागरी विमानांपुरतेच राहिले. लष्करी विमानाची चौकशी त्याच दलाचे अधिकारी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसवून करतात आणि अहवाल आतच राहतो. लढाऊ विमानाचं मी समजू शकतो, त्याचं रडार, त्याची शस्त्रं, ते कसं उडवतात हे शत्रूला कळू नये. पण मालवाहू विमान म्हणजे शेवटी माणसं आणि सामान नेणारं वाहन. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या गावातला जवान सुट्टी संपवून लेहला जातो तो बऱ्याचदा चंदीगडहून हवाई दलाच्या कुरिअरनेच, म्हणजे जवानांना ने-आण करणाऱ्या विमानानेच, जातो, त्या प्रवासात तो लढत नसतो, तो प्रवासी असतो, आणि प्रवासी म्हणून त्याला जे हक्क इंडिगोच्या तिकिटावर मिळतात ते वर्दीतल्या विमानात बसल्यावर का संपावेत हे मला कधीच पटलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. शांततेच्या काळात पडलेल्या लष्करी मालवाहू विमानांचे आणि वाहतुकीच्या हेलिकॉप्टरांचे चौकशी अहवाल, खरोखर गोपनीय असलेल्या ओळी काळ्या करून, ठरलेल्या मुदतीत लोकांपुढे यायला हवेत. यात फक्त घरच्यांच्या मनाचं समाधान नाही, ते आहेच आणि तेवढंही पुरे होतं, पण विमानं सुरक्षित झाली ती उघड्या अहवालांमुळे झाली, हा दुसऱ्या महायुद्धानंतरचा सगळा इतिहास आहे.

कॉमेटची गोष्ट घ्या. जगातलं पहिलं प्रवासी जेट, २ मे १९५२ ला लंडनहून जोहान्सबर्गला पहिली फेरी. बरोबर एक वर्षाने, २ मे १९५३ ला, कलकत्त्याच्या दमदमहून उडालेलं कॉमेट काही मिनिटांत वादळात मोडून पडलं, ४३ लोक गेले. आपल्याकडे चौकशी झाली, निष्कर्ष असा निघाला की वादळाच्या जोरदार झोताने किंवा त्यात पायलटने कंट्रोल जरा जास्तच ओढल्याने सांगाडा मोडला. हवामान आणि पायलट, दोन्ही नेहमीचे आरोपी. मग १० जानेवारी १९५४ ला रोमहून निघालेलं कॉमेट इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं, ३५ गेले, त्या वेळी ना वादळ होतं ना काही. विमानं थांबवली, शंका येईल तिथे बदल केले, मार्चमध्ये पुन्हा सुरू केली आणि ८ एप्रिलला अजून एक नेपल्सजवळ पडलं, २१ गेले.

तेव्हा ब्रिटिशांनी जे केलं ते मला आजही थक्क करणारं वाटतं. नौदलाने समुद्राच्या तळातून तुकडे वर काढले, त्यासाठी पाण्याखाली टीव्ही कॅमेरे सोडले, पिसाच्या डॉक्टरांनी मृतांची फुप्फुसं तपासून सांगितलं की केबिनमधली हवा अचानक फुटून बाहेर गेल्याची ही लक्षणं आहेत. आणि इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात एक अख्खं कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून आत पाण्याचा दाब वाढवायचा, कमी करायचा, वाढवायचा, कमी करायचा, म्हणजे एकेक उड्डाण झाल्यासारखं, असं आठवडेच्या आठवडे केलं. खरी उड्डाणं आणि टाकीतली मिळून ३०५७ झाली तेव्हा ते खिडकीच्या कोपऱ्याशी फाटलं. एल्बाचं विमान फक्त १२९० उड्डाणांनंतर गेलं होतं, नेपल्सचं ९०० नंतर. म्हणजे धातू थकत होता, आणि कंपनीने चाचणीत कितीतरी हजार फेऱ्या टिकेल असं जे दाखवलं होतं ते चुकीचं निघालं, कारण चाचणीचा जो सांगाडा होता त्याला आधी एकदा दुप्पट दाब दिला होता, त्याने कोपऱ्यांचा धातू उलट कणखर झाला आणि निकाल खरा आला नाही. (खिडक्या चौकोनी होत्या म्हणून प्रवाशांच्या खिडकीशीच फाटलं असं व्हॉट्सॅपवर फिरतं, पण एल्बाच्या विमानाच्या सापडलेल्या तुकड्यात सुरुवात छतावरच्या अँटेनासाठी कापलेल्या भोकाच्या कोपऱ्यापासून झाली होती.)

कलकत्त्याच्या विमानातही थकवाच होता असं सिद्ध झालेलं नाही आणि मी तसं म्हणतही नाही. पण ते वादळाच्या खात्यावर टाकून फाइल बंद झाली आणि आठ महिन्यांत पुढचं पडलं, हे तर झालंच ना. आणि मोठी गोष्ट म्हणजे १९५५ मध्ये कॉमेटचा अहवाल छापून आला, कोणाही इंजिनिअरला वाचता आला. त्यानंतर धातूचा थकवा आणि दाबाची केबिन यांचा विचार केल्याशिवाय कोणी प्रवासी जेट बांधलं नाही. ब्रिटनची इज्जत गेली, धंदा गेला, जेटचं मार्केट अमेरिकेकडे सरकलं, तरी अहवाल आला. कॉमेटपेक्षा जास्त राष्ट्रीय अभिमान गुंतलेलं विमान त्या काळात दुसरं नव्हतं, त्यामुळे देशाच्या प्रतिमेचा मुद्दा कोणी काढला की मला १९५५ आठवतं.

आता उलटं उदाहरण, झाकलेल्या अहवालाचं. ६ ऑक्टोबर १९४८ ला अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या वेक्रॉस गावाजवळ हवाई दलाचं बी-२९ पडलं. ते बॉम्बर होतं, पण त्या दिवशी त्यात नव्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाची चाचणी चालू होती आणि आत नागरी इंजिनिअरही होते. एकूण नऊ जण गेले. त्यातल्या तिघा इंजिनिअरांच्या बायकांनी सरकारवर दावा लावला आणि अपघाताचा अहवाल मागितला. हवाई दल म्हणालं देता येणार नाही, त्यात देशाची गुपितं आहेत. खालच्या कोर्टाने सांगितलं निदान न्यायाधीशाला तरी दाखवा, तेही नाही. १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं ऐकलं, अहवाल न बघताच ऐकलं, आणि रेनॉल्ड्स केस म्हणून ती पुढे इतकी गाजली की राष्ट्रीय गुपिताचं कारण देऊन कागद नाकारायचा अमेरिकन कायदा त्याच निकालावर उभा राहिला. मग २००० च्या सुमारास मेलेल्यांपैकी एकाच्या मुलीला तो अहवाल, गोपनीयता उठवलेला, इंटरनेटवरून मागवता आला. तिने वाचला तर त्यात उपकरणाचं गुपित असं काही नव्हतंच. इंजिनला आग लागली होती, आणि इंजिनची उष्णता अडवणारे जे पत्रे बसवायचे स्पष्ट आदेश होते ते त्या विमानात बसवलेलेच नव्हते. पन्नास वर्षं जे झाकून ठेवलं ते निष्काळजीपण होतं. घरच्यांनी पुन्हा सुप्रीम कोर्टाचं दार ठोठावलं, २००३ मध्ये कोर्टाने केस उघडायला नकार दिला.

आपलं हवाई दल असंच काहीतरी लपवतंय असा आरोप मी करत नाहीये, कोणाकडे तसा पुरावा नाही आणि मला त्या लोकांबद्दल आदर आहे. माझा मुद्दा एवढाच की अहवाल बंद असला की प्रामाणिक माणूस आणि चूक झाकणारा माणूस बाहेरून सारखेच दिसतात. यात नुकसान प्रामाणिक माणसाचं होतं.

आपली यादीही छोटी नाही. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं एएन-१२ हवामान खराब म्हणून परत फिरलं आणि रोहतांगच्या भागात बेपत्ता झालं, आत १०२ जण. २००३ मध्ये गिर्यारोहकांच्या एका तुकडीला अवशेष सापडले, मग हिमनदीतून तुकड्या-तुकड्याने देह मिळत गेले, अगदी सप्टेंबर २०२४ मध्ये अजून चार मिळाले, ५६ वर्षांनी. मार्च १९८६ मध्ये सोव्हिएत संघातून येणारं कोरं एएन-३२ मस्कत ते जामनगर या टप्प्यात अरबी समुद्रावर नाहीसं झालं, ते सापडलंच नाही. ३ जून २०१९ ला जोरहाटहून अरुणाचलमधल्या मेचुकाला जाणारं एएन-३२, १३ जण, आठवड्याने डोंगरउतारावर दिसलं. डोंगर, ढग, खराब हवा, आणि नकाशावर इवली दिसणारी धावपट्टी. हे सगळे अपघात वेगवेगळे असतील, कारणं वेगळी असतील, पण एकत्र ठेवून वाचायची सोय नाही, कारण वाचायला काही नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालातून कळलं की २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत हवाई दलाचे ३४ अपघात झाले. सोबत कारणांचा एक तक्ता होता, त्यात जनरल बिपिन रावत यांचं जे हेलिकॉप्टर ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ पडलं, त्याच्यासमोर कारण लिहिलंय: ह्युमन एरर, कंसात एअरक्रू. बास. देशाच्या पहिल्या सीडीएसचा, म्हणजे तिन्ही दलांच्या संयुक्त प्रमुखाचा, मृत्यू, एकूण १४ माणसं, आणि रकान्यात दोन-तीन शब्द. जानेवारी २०२२ मध्ये हवाई दलाने जे निवेदन दिलं होतं त्यात जरा जास्त होतं, की दरीतलं हवामान अनपेक्षित बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटला दिशेचं भान राहिलं नाही आणि चांगलं चालू असलेलं यंत्र जमिनीवर आदळलं. यंत्राचा बिघाड नाही, घातपात नाही, हेही सांगितलं. हे एवढं सांगितलं हे चांगलंच झालं. पण खरा प्रश्न तिथून सुरू होतो. त्या मार्गावर हवामानाची माहिती कोणाकडून आणि किती वेळापूर्वीची मिळाली होती, इतका मोठा अधिकारी सोबत असताना मागे फिरायचा निर्णय पायलटला मोकळेपणाने घेता येतो का, डोंगराळ भागात ढगात शिरलो तर काय करायचं याचा सराव किती वेळा होतो. पायलट चुकला हे उत्तर असेल तर तो का चुकला हे विचारायचं अजून बाकीच आहे.

दिशेचं भान जाणं ही गोष्ट मुंबईकरांनी तर जवळून पाहिलीय. १ जानेवारी १९७८ ची रात्र, सांताक्रूझहून उडालेलं एअर इंडियाचं सम्राट अशोक, आपलं पहिलं जंबो, दीडेक मिनिटात वांद्र्याच्या समोर समुद्रात गेलं, २१३ लोक. वळण घेतल्यावर कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र चुकीचं दाखवत राहिलं, खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिज नाही, शहराचे दिवे मागे पडलेले, आणि कॅप्टनने त्या यंत्रावर विश्वास ठेवून विमान अजूनच कलवत नेलं. दुसरी यंत्रं बरोबर दाखवत होती, फ्लाइट इंजिनिअरने ते सांगायचा प्रयत्नही केला. यात माणूस चुकला का? हो. पण ते आपल्याला सविस्तर माहीत आहे, सेकंदासेकंदाने माहीत आहे, म्हणून दोन पायलटांपैकी कोणाचं यंत्र खरं हे कसं ठरवायचं, तिसऱ्या यंत्राकडे कधी बघायचं, हे आज शिकवता येतं. कुन्नूर आणि वांद्रे यांच्यात जवळपास ४४ वर्षांचं अंतर आहे, एक हेलिकॉप्टर, एक जंबो, पण माणसाच्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा तीच आहे, ती दोन्हीकडे तशीच फसते.

डोंगराचंही तसंच. आपल्या सह्याद्रीने किती विमानं घेतलीत हे आज फार कोणाच्या लक्षात नसतं. १२ जुलै १९४९ ला केएलएमचं कॉन्स्टेलेशन पावसाळी ढगात घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं, ४५ लोक गेले, त्यात १३ अमेरिकन पत्रकार होते. १९६२ च्या जुलैत, ६-७ तारखेच्या मध्यरात्री, बँकॉकहून मुंबईला येणारं अलिटालियाचं डीसी-८ जुन्नरकडच्या डोंगरावर आदळलं, ९४ लोक. आपल्या चौकशीत निघालं की क्रूला आपण मुंबईच्या बरेच जवळ आलोय असं वाटलं, प्रत्यक्षात ते ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर लांब होते, त्यांनी लवकर खाली यायला सुरुवात केली, किमान सुरक्षित उंची मोडली आणि खालच्या मुलखाची त्यांना ओळख नव्हती. पण अशाच अपघातांचे जगभरचे अहवाल वाचून डॉन बेटमन नावाच्या इंजिनिअरने जमीन जवळ येतेय म्हणून ओरडणारं यंत्र विकसित केलं. आणि १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत टीडब्ल्यूए या एअरलाइनचं विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळून ९२ लोक गेल्यावर ते यंत्र तिथे सक्तीचं झालं.

त्या टीडब्ल्यूए अपघाताच्या चौकशीत एक गोष्ट निघाली ती या सगळ्या विषयाचा गाभा आहे असं मला वाटतं. सहा आठवडे आधी दुसऱ्या एका एअरलाइनचं विमान त्याच ठिकाणी, त्याच गोंधळामुळे डोंगरावर जाता जाता वाचलं होतं. कंट्रोलरने अप्रोचची, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे यायची, परवानगी दिली म्हणजे लगेच खाली यायचं की नाही, हा तो गोंधळ. त्या एअरलाइनने आपल्या पायलटांना सावध केलं, पण ते त्यांच्या आतच राहिलं, टीडब्ल्यूएपर्यंत पोचलं नाही. त्यावरूनच नासाने चालवलेली, नाव न सांगता चूक कळवायची सिस्टिम १९७६ मध्ये सुरू झाली. आपल्या हवाई दलात फ्लाइट सेफ्टीचं काम गांभीर्याने चालतं, आतल्या आत धडे दिलेही जातात, हे मी मान्य करतो. पण आत राहिलेला धडा नौदलाच्या, आर्मी एव्हिएशनच्या, तटरक्षक दलाच्या, उत्तराखंडात यात्रेकरू नेणाऱ्या हेलिकॉप्टर कंपनीच्या पायलटपर्यंत कसा पोचणार? डोंगर आणि ढग तर सगळ्यांना तेच आहेत.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला गोपनीयतेचा, त्याला उत्तर म्हणजे ओळी काळ्या करा, अख्खा कागद नको. दुसरा मनोधैर्याचा, की सैनिकांचा विश्वास डळमळेल. मला उलट वाटतं, ज्या विमानात उद्या बसायचंय ते का पडलं हे माहीत नसण्याने विश्वास जास्त डळमळतो. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: अहवाल लोकांपुढे जाणार, कोर्टात वापरला जाणार असं कळलं तर टेक्निशियन आणि पायलट खरं बोलणारच नाहीत. हे खरंय, माणूस नोकरीला घाबरतो. पण यावर अमेरिकन हवाई दलाने मार्ग काढलेला आहे, तिथे दोन चौकश्या होतात. एक सुरक्षेसाठी, तिच्यात दिलेली साक्ष बंद राहते. दुसरी स्वतंत्र, तिचा अहवाल जाहीर होतो आणि मृतांच्या घरच्यांना अधिकारी जाऊन समजावून सांगतात. एप्रिल १९९६ मध्ये क्रोएशियात दुब्रोव्हनिकजवळ त्यांचं विमान डोंगरावर आदळून वाणिज्य मंत्री रॉन ब्राउन यांच्यासह ३५ जण गेले, तेव्हा हवाई दलाच्या जाहीर अहवालात पायलटांच्या चुकीच्या बरोबरीने वरच्या कमांडचं अपयश आणि चुकीची आखलेली अप्रोच ही कारणं नोंदवली होती. स्वतःच्या वरिष्ठांना दोष देणारा लष्करी अहवाल छापता येतो, त्याने अमेरिकेचं हवाई दल दुबळं झालं नाही.

ब्रिटनमध्ये तर कॉमेटपासूनच बनवलेलं निमरॉड नावाचं लष्करी विमान होतं. २ सप्टेंबर २००६ ला त्यातलं एक अफगाणिस्तानात हवेत इंधन भरल्यानंतर लागलेल्या आगीत गेलं, १४ जण. चार्ल्स हॅडन-केव्ह या वकिलाने २००९ मध्ये जो अहवाल दिला त्यात संरक्षण मंत्रालय आणि बीएई सिस्टिम्स व किनेटिक या दोन कंपन्या अशा तिघांनी मिळून बनवलेल्या सुरक्षेच्या कागदपत्रांची चिरफाड केली. तीस वर्षं उडतंय म्हणजे सुरक्षितच असणार, असं आधीच गृहीत धरून कागद भरले गेले होते. सगळा अहवाल लोकांसाठी छापला गेला, आणि पुढच्याच वर्षी लष्करी विमानांच्या सुरक्षेसाठी वेगळी नियामक संस्था झाली. आपलं एएन-३२ १९८० च्या दशकात आलं, एव्ह्रो हे दुसरं वाहतूक विमान तर १९६० च्या दशकापासून आहे, त्यामुळे जुन्या विमानांबद्दलचा तो परिच्छेद आपल्याकडे कोणीतरी नीट वाचायला हवा.

नागरी बाजू आपल्याकडे आदर्श आहे असंही नाही. २०१२ पर्यंत डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, स्वतःच नियम करायचं आणि स्वतःच चौकशी करायचं. आताचा चौकशी ब्युरो वेगळा आहे पण त्याच मंत्रालयाखाली. तरीही १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी जंबो आणि कझाक मालवाहू विमान हवेत धडकून ३४९ लोक गेले, तेव्हा न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनंतर टक्कर टाळणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं. दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच वाट होती, कारण बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं, त्या वाटा वेगळ्या झाल्या. उघड्या चौकशीने लष्कराच्या ताब्यातलं आकाशसुद्धा हलवता आलं, आणि देशाची सुरक्षा काही धोक्यात आली नाही.

आणि हे करायची वेळ आत्ताच आहे. एव्ह्रोच्या जागी ५६ सी-२९५ मालवाहू विमानं येतायत, त्यातली ४० वडोदऱ्याला टाटांच्या कारखान्यात बनणार आहेत, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या कारखान्याचं उद्घाटन झालं. नवा ताफा आहे, तर नियमही पहिल्या दिवसापासून नवा ठेवता येईल. या ताफ्याला, एएन-३२ ला आणि एमआय-१७ हेलिकॉप्टरांना काही झालं तर ३० दिवसांत प्राथमिक टिपण, वर्षभरात अहवाल, काय काळं केलं आणि का याची नोंद, आणि शिफारशींचं पुढे काय झालं याचा दरवर्षी संसदेत हिशोब. स्थायी समितीने तक्ता मागितला तेव्हा तो मिळाला, पुढच्या वेळी समितीने पूर्ण अहवाल मागावेत, आणि पहिला मागावा तो २०१६ च्या एएन-३२ चा, कारण ते विमान कुठे आहे हे आता सरकारला नक्की माहीत आहे.